‘स्पार्क’ म्हणजे नक्की कोणती गाडी?

अँटॉप हिलला सीजीएस कॉलनीत आमच्या बिल्डिंगखाली एक जुनी मॅटिझ कित्येक वर्षं उभी आहे. तिचे गोल दिवे रोज बघूनही माझ्या तक्त्यात मी तिच्याच घराण्याचा घोळ घातला. माझा विषय गाड्यांच्या धुराचा. इंजिन चुकलं की पुढचे सगळे आकडे चुकतात.

मॅटिझचं मूळ इटलीतलं. जुजारोंच्या इटालडिझाइनने फियाटच्या चिंक्वेचेंतोवर बेतून १९९३ मध्ये ‘लुचोला’ नावाचा नमुना केला. फियाटने तो घेतला नाही, कोरियाच्या देवूने घेतला आणि १९९८ मध्ये मॅटिझ आणली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. भारतात ती दिल्लीजवळ सूरजपूरला बनायची. त्याच वर्षी ह्युंदाईची सँट्रो आली. ती काळीपिवळी होऊन फिरताना तुम्ही मुंबईत पाहिलीच असेल.

देवू बुडाली. २००२ मध्ये तिचा मोटारींचा बराचसा धंदा जनरल मोटर्सने घेतला (सूरजपूर त्या सौद्यात नव्हतं), आणि नावांचा गुंता इथून सुरू होतो. २००७ मध्ये भारतात आलेली शेवरोले स्पार्क म्हणजे मॅटिझचीच दुसरी पिढी, पण इंजिन ९९५ सीसी, चार सिलिंडर. २००८ पासून ती आपल्या तळेगावला बनू लागली. तिसरी पिढी कोरियात २००९ ला ‘मॅटिझ क्रिएटिव्ह’ म्हणून आली, २०११ मध्ये तिथे तिचंच नाव ‘स्पार्क’ झालं. भारतात मात्र ते नाव आधीच जुन्या गाडीवर होतं. इथे तीच गाडी २०१० मध्ये ‘बीट’ म्हणून आली.

आता २०१२ चा कोरियातला तक्ता उघडा. त्यातली ‘स्पार्क’ ही आपली बीट! मी ती बिनधास्त आपल्या स्पार्कच्या ओळीत टाकली होती. दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. गाईडनी एकच विचारलं, "कंपनीचा कोड कुठाय?" एम१००, एम२००, एम३००, अशा तीन पिढ्या. तो रकाना मी ठेवलाच नव्हता. तुमच्या विषयात गाडी नसेल, जीवाणूची जात असेल किंवा जनगणनेतलं गाव असेल. नाव बदलतं आणि तेच नाव दुसऱ्यालाही मिळतं.

मग कारखान्यावरून शोधू, असं म्हणाल. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, तरी तळेगावात निर्यातीसाठी बीट डिसेंबर २०२० पर्यंत बनत होती. आणि २०२४ पासून तो कारखाना ह्युंदाईचा आहे. म्हणजे सँट्रोवाल्यांचा.