नळी फुंकली सोनारे

बँकेत चिकटलो तेव्हा मला दोनच गोष्टींची भीती वाटायची : शाखेतली लोखंडी तिजोरी अंगावर पडेल याची आणि शाखेतला संगणक माझ्या हातून बिघडेल याची. तिजोरीने आजवर सभ्यपणे आपली जागा सोडलेली नाही. संगणकाबद्दल तेवढं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

साल २००३, शाखा बोरिवलीची. संगणक म्हणजे काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. चित्रं नाहीत, माऊस नाही. 'लॉगिन' एवढं म्हणून तो जो थांबायचा तो खिडकी उघडायची वाट पाहणाऱ्या पेन्शनरांसारखा. आपण काही केल्याशिवाय हलायचा नाही. त्याच्या आत युनिक्स नावाचं काहीतरी आहे असं कळलं. मी बी.कॉम. असल्यामुळे अधिक चौकशी केली नाही.

एका संध्याकाळी ताळा जमेना. फरक तीन हजार चारशे साठ रुपयांचा. असल्या वेळी करायचे उपचार ठरलेले असतात. फरकाला नऊने भाग जातो का बघा, म्हणजे आकडे उलटसुलट पडलेत. जात नव्हता. फरकाची निम्मी रक्कम शोधा, म्हणजे जमेची नावे पडली असेल. सतराशे तीसचं व्हाउचर सापडेना. साडेनऊ वाजले. शेवटी यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा एक पोरगा आला. मिसरूड नुकतंच फुटलेलं. त्याने एक ओळ टाइप केली : चार-पाच शब्द आणि मधे मधे उभ्या रेघा. पडद्यावर एकच नोंद उमटली. एकच चेक, तीन हजार चारशे साठचा, दोनदा नावे पडला होता. तो पडवून घेणारा हात माझाच होता, हे इथे सांगायला हरकत नाही.

पोराने समजावलं. 'सॉर्ट' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे, तो फक्त रांग लावतो. 'युनिक' नावाचा दुसरा आहे, त्याला फक्त शेजारी-शेजारी उभी असलेली जुळी भावंडं ओळखता येतात. शेजारच्यापलीकडचं त्याला काही दिसत नाही, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं. म्हणून आधी सॉर्ट, मग युनिक. 'आणि ही उभी रेघ?' 'ती नळी. एकातून निघालेलं दुसऱ्यात ओतते.' डब्ल्यूसी नावाचाही एक प्रोग्रॅम आहे म्हणाला. तो शब्द मोजतो. आमच्या शाखेत डब्ल्यूसी एकच होता आणि त्याच्याकडून मोजणीची अपेक्षा कुणी ठेवली नव्हती.

घरी जाऊन हे बाबांना सांगितलं. इथे थोडा इतिहास आला. बाबा फोर्टच्या एका बँकेत कारकून, आणि ऐंशीच्या दशकात यंत्रांविरुद्ध छातीवर बिल्ला लावून लेजर लिहिणाऱ्यांपैकी. १९८३ साली बँकांच्या संघटना आणि व्यवस्थापनं यांच्यात करार झाला आणि यंत्रं बेताबेताने आत आली. पहिल्या यंत्राचं नाव 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशिन'. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं संगणकाचं नाव टाळून त्याला घरात घेतलं. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि पुढे कितीतरी शाखांतून युनिक्सची यंत्रं बसली. बाबांच्या शेजारचे एक काका चाळीस आकड्यांची उभी बेरीज बोट न लावता करायचे. यंत्र आल्यावर त्यांना पाकिटांना तिकिटं लावायला बसवलं. बाबा माझ्या शाखेत कधीच आले नाहीत, त्याचं कारण ते काका.

माझं ऐकून बाबा म्हणाले, 'म्हणजे ही तर आमचीच शाखा! एक टोकन देणार, एक लेजरला मांडणार, एक सही ताडून पास करणार, एक पैसे मोजणार. कुणी कुणाच्या कामात नाक खुपसायचं नाही. आणि नळी म्हणजे आमचा शिपाई, ट्रे घेऊन फिरणारा.' मग जरा थांबून, 'फरक एवढाच की नळीला बोनस मागता येत नाही.'

या नळीचीही एक कुळकथा आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय नावाच्या गृहस्थाने १९६४ साली एका टिपणात लिहिलं की बागेतल्या नळीला जशी दुसरी नळी जोडतात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. १९६९ मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला हात घातला, तरी नळी नाहीच. मॅकिलरॉय टुमणं लावत राहिला. शेवटी १९७३ मध्ये थॉम्पसनने एका रात्रीत ती बसवून टाकली. टिपणानंतर नऊ वर्षांनी! आमच्याकडे फायली याहून लवकर हलतात असं मी म्हणणार नाही, पण धीर येतो.

१९८६ साली तर बहारच झाली. डोनाल्ड क्नुथ या थोर संगणकपंडिताने एका मजकुरात कोणते शब्द जास्तीत जास्त वेळा येतात ते काढणारा प्रोग्रॅम लिहिला, चांगला पानंच्या पानं. परीक्षणाला दिला मॅकिलरॉयकडे. त्याने आधी मनापासून कौतुक केलं आणि मग तेच काम सहा आज्ञा नळ्यांनी जोडून करून दाखवलं. त्या सहांत आमचे सॉर्ट आणि युनिक होतेच.

आणि बाबांच्या कराराचं जे साल, त्याच १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन याने जाहीर केलं की युनिक्ससारखं सगळं नव्याने लिहून लोकांना मोकळं वाटून टाकायचं. नुसतं वापरायला नव्हे, उघडून दुरुस्त करायलासुद्धा. त्यातल्या युनिकवर करणाऱ्यांची नावं आहेत : स्टॉलमन आणि डेव्हिड मॅकेन्झी. मी वीस वर्षांत इतकी पासबुकं भरली, एकावरही माझं नाव नाही.

आता ही मोकळी हत्यारं माझ्या मुलीच्या लॅपटॉपवर आहेत. ती विद्या तिने पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वरून घरबसल्या उचलली. परवा तिने आजोबांना एक गंमत दाखवली. 'कॅल' म्हणून कॅलेंडर छापणारा प्रोग्रॅम आहे. त्याला सप्टेंबर १७५२ विचारलं, तर दोन तारखेनंतर एकदम चौदा!

'अकरा दिवसांचं व्याज कुणी खाल्लं?' बाबा ताडकन उठले.

'आजोबा, इंग्रजांनी तेव्हा कॅलेंडर सुधारलं.'

'इंग्रजांनी? त्यांचं राज्य माहीमच्या खाडीपर्यंत. साष्टी मराठ्यांनी १७३७ लाच पोर्तुगिजांकडून घेतली होती. १७७४ अखेर इंग्रजांनी ठाणं घेईपर्यंत बोरिवली पेशव्यांची. आमच्याकडे तिथीचा क्षय होतो, पण एकदम अकरांचा नाही! हे बोरिवलीपुरतं चूक आहे. लिही त्यांना पत्र.'

'पत्र कशाला? आतलं सगळं उघडं आहे. तुम्हीच दुरुस्त करा की.'

बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.