झाडोरा कोणी काढला आणि जमीन कोणाला मिळाली?



आपल्या विहाराच्या या स्मरणिकेसाठी लेख द्या असं मंडळानं सांगितलं, तेव्हा धम्मावर लिहावं असं प्रथम मनात आलं. परंतु धम्मावर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. आम्ही गिरणीत राबणारी माणसं. आम्हाला यंत्र कळतं, आणि यंत्र कोणाच्या मालकीचं असतं हेही अनुभवानं कळतं. म्हणून आम्ही एका वेगळ्याच विषयाचा इतिहास मांडत आहोत. पडीक जमिनीवर माजलेला झाडोरा मोठमोठ्या यंत्रांनी काढला जातो, त्याचा. वस्तीतल्या कित्येक घरांची गावाकडं थोडीफार जमीन आहे, कोणाचं गायरान कसलेलं आहे. त्यांनी तरी हे वाचावं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन सैन्याचे ट्रॅक्टर आणि बुलडोझर आपल्या देशात पडून राहिले होते. १९४७ साली फाळणी झाली आणि पश्चिम पंजाब व सिंधची गव्हाची कोठारं पलीकडं गेली. देशात धान्याची टंचाई होती. तेव्हा केंद्र सरकारनं ‘सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन’ नावाचं खातं उभं केलं आणि लढाईची ही यंत्रं जमिनीच्या कामाला जुंपली. सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेनं शेतीच्या यंत्रांसाठी भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. जागतिक बँकेकडून आपल्या देशानं घेतलेलं हे दुसरंच कर्ज. पहिलं रेल्वेसाठी होतं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. म्हणजे रेल्वेच्या पाठोपाठ रान साफ करण्याला नंबर लागला, एवढं ते काम निकडीचं मानलं गेलं.

हे रान कसलं? मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत कांस नावाचं उंच गवत माजतं. शरदात त्याला पांढरे तुरे येतात, दिसायला फार सुंदर. पण त्याची मुळं जमिनीत खोल जातात आणि बैलाचा नांगर तिथवर पोचत नाही. वरून कापलं की खालून पुन्हा फुटतं. सागर आणि बुंदेलखंडाकडं या गवतापायी शेतकऱ्यांनी गावंच्या गावं टाकली, असा इतिहास आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या रानात हीच गोष्ट कुंदा आणि हरळीची. कुंदा खणणं म्हणजे काय, हे ज्यांच्या आज्या-आजोबांनी दुसऱ्याच्या शेतात कुदळ मारून खणला त्यांना विचारावं. यंत्रानं काय केलं, तर उन्हाळ्यात जमीन फूटभर खोल उलथली आणि मुळं उन्हात वाळवली. उन्हानं मुळं मेली. यात जादू काही नव्हती. जे काम माणसाच्या कंबरेनं वर्षानुवर्षं होत नव्हतं, ते यंत्रानं एका हंगामात केलं.

उत्तरेत हिमालयाच्या पायथ्याला तराईचं जंगल होतं. मलेरियामुळं तिथं बाहेरचा माणूस टिकत नसे. १९४७-४८ पासून तिथं ट्रॅक्टर गेले, डीडीटीची फवारणी झाली, जंगल साफ झालं आणि वसाहती उभ्या राहिल्या. पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेल्या निर्वासितांना तिथं जमिनी मिळाल्या. घरदार गेलेल्या माणसाला आधार मिळाला, याबद्दल आमच्या मनात आकस नाही. १९६० साली पंतनगरचं कृषी विद्यापीठही तिथंच उभं राहिलं. परंतु त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे थारू आणि बुक्सा हे आदिवासी होते. मलेरियातही ते तिथं टिकून होते. जमिनीला किंमत आली आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या हातून ती निसटली. यंत्र चालवणारा, यंत्र पाठवणारा आणि जमीन मिळवणारा हे तिघं वेगवेगळे असतात, हा या इतिहासाचा पहिला धडा.

आता बाबासाहेबांकडं येऊ. तराईत यंत्रं निघत होती त्याच १९४७ साली बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनी काय मागितलं होतं? शेतजमीन राज्याच्या मालकीची करा, ती सामुदायिक पद्धतीनं कसायला द्या, आणि पाणी, बैल, अवजारं, खत, बियाणं हे सगळं सरकारनं पुरवा. शिवाय अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी सरकारी पडीक जमीन द्या. नुसती जमीन मागून बाबासाहेब थांबले नाहीत, अवजारंही मागितली, हे नीट ध्यानात घ्या. भूमिहीनाला पडीक माळ दिला आणि तो साफ करायला हातात काही दिलं नाही, तर तो माळ त्याच्या छातीवरचा धोंडा होतो. हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

ही मागणी मान्य झाली नाही. मग आपल्या माणसांनी काय केलं? हातानं झाडोरा काढला. १९५३ साली मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननं पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला. पुढं कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा सत्याग्रह झाला. त्यानंतर ६ डिसेंबर १९६४ पासून, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनापासून, रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी भूमिहीन सत्याग्रह सुरू झाला. बायाबापड्या पोरंबाळं घेऊन तुरुंगात गेल्या. गावोगावी लोकांनी गायरानावर कुऱ्हाड, कुदळ घेऊन बोरी-बाभळी काढल्या, दगड वेचले, बांध घातले. या कामाला कोणत्याही बँकेचं कर्ज नव्हतं. पिकं जनावरं घालून चारली गेली, मारहाणी झाल्या, तरी लोक पुन्हा पेरत राहिले.

या रेट्यामुळंच पुढं शासनाला निर्णय घ्यावे लागले. नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तारीख पाहा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा तो पहिला दिवस. २००४ साली दादासाहेबांच्या नावानं सबळीकरण व स्वाभिमान योजना आली. भूमिहीनाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची ती योजना. कागदावर हे सगळं आहे. सातबाऱ्यावर किती जणांचं नाव चढलं, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात पाहावं.

आज यंत्र स्वस्त झालं. पिवळा जेसीबी तासावर भाड्यानं गावोगाव मिळतो. माळावर वेडी बाभूळ आणि घाणेरी माजली आहे. ही दोन्ही झाडं परदेशातून आणलेली. वेडी बाभूळ बुडाशी कापली तर चार फांद्यांनी फुटते, म्हणून खोडाचा गड्डाच उपटावा लागतो. शेळ्या शेंगा खातात आणि बी दूरवर पेरतात. त्यामुळं एकदा जेसीबी फिरवून भागत नाही. पुढची दोन-चार वर्षं कोवळी रोपं हातानं उपटावी लागतात. दुसरं असं की बकेटनं रान खरवडलं की वरची सुपीक मातीही जाते. म्हणून चालकाला निक्षून सांगावं, की गड्डा काढ, माती ढिगाऱ्यात ओढू नको. उतारावर सरसकट साफ करू नये, बांधाची झाडं ठेवावीत.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. जे यंत्र झाडोरा काढायला येतं, तेच यंत्र आपली पिकं आणि झोपडी काढायलाही येतं. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरचे बेकायदा कब्जे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. त्याच निकालात असंही म्हटलं आहे, की शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना वा अनुसूचित जाती-जमातींना जिथं पट्टा दिला आहे, तिथं अपवाद होऊ शकतो. निकालाचा पहिला अर्धा भाग लोक मोठ्यानं वाचतात. दुसरा अर्धा आपणच वाचून दाखवला पाहिजे.

तेव्हा वस्तीतल्या बांधवांना आमची विनंती आहे. गावाकडच्या जमिनीवर यंत्र लावण्याआधी तलाठ्याकडून गाव नमुना १-ई ची नक्कल काढा. अतिक्रमणाची नोंद त्यात असते. वडिलांनी भरलेल्या दंडाच्या पावत्या ट्रंकेत असतील तर त्या फेकू नका. सरकारनं ज्याला शिक्षा म्हटलं, तोच आज आपल्या कसण्याचा पुरावा आहे. पीक पाहणीचे जुने उतारे जपा. म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारा, की कोणत्या साली रान फोडलं, बरोबर कोण होतं, आणि ते लिहून ठेवा. विहारात रविवारी शिकलेली पोरं-पोरी येतात. त्यांनी एक फाईल करून प्रत्येक घराचे हे कागद लावून दिले, तर ते या वर्धापनदिनाचं मोठं काम होईल. ज्यांनी हातानं माळ साफ केला ती पिढी थकत चालली आहे. त्यांच्या हयातीतच हे झालं पाहिजे.

जयभीम!