विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही

आज जरा लांब जाऊ. जपानमध्ये, किसो नदीच्या खोऱ्यात त्सुमागो नावाचं एक छोटं गाव आहे, तिथे.

एदो म्हणजे आजचं टोकियो. तिथून क्योतोला डोंगरातून एक रस्ता जायचा, नाकासेंदो. त्यावर मुक्कामाची ६९ ठाणी, त्यातलं त्सुमागो ४२वं. सरदार, व्यापारी, यात्रेकरू इथे रात्रीपुरते उतरायचे आणि त्यांच्यावर गाव जगायचं. पुढे रेल्वे आली. १९११मध्ये चुओ मार्ग पूर्ण झाला, पण त्सुमागो बाजूला पडलं. वाटसरू गेले, पैसा गेला, तरुण पोरं शहरात गेली. जुनी लाकडी घरं तेवढी राहिली. ती काही प्रेमापोटी नाही हं! पाडून नवी बांधायला पैसे होते कुणाकडे?

१९६८मध्ये गावाने संघटना काढली. नावाचा अर्थ ‘त्सुमागोवर प्रेम करणाऱ्यांची सभा’, आणि सभासद गावातलं प्रत्येक घर. घरांची डागडुजी सुरू झाली, विजेचे खांब घरांमागे गेले, दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्या बंद. पर्यटक यायला लागले.

आणि खरा पेच इथेच सुरू झाला. कालपर्यंत ज्या घराला कुणी विचारत नव्हतं, त्याला आता गिऱ्हाईक मिळणार. म्हणून १९७१मध्ये गावकऱ्यांनी सनद केली: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही.

‘पाडायचं नाही’ हे कुणालाही पटेल. पण पहिले दोन? घर तुमचं, हातात पैसा येतोय, आणि शेजारी म्हणतात, थांब! मला ही फार मोठी मागणी वाटते. भीती बाहेरच्या पैशाची होती. दर्शनी भाग जुनाच राहील, पण आत गावातलं माणूस नसेल.

सरकार मागून आलं बरं का. एकेका इमारतीऐवजी अख्ख्या वस्तीला संरक्षण देणारी तरतूद जपानच्या कायद्यात १९७५मध्ये झाली. १९७६मध्ये निवडलेल्या पहिल्या ७ वस्त्यांत त्सुमागो होतं.

मला एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. म्हातारी माणसं गेली, मुलं टोकियोत रमली, आणि घर विकायचंही नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. मग त्यात राहायचं कुणी? तुम्ही त्या गावात असता, तर सही केली असती का?