वीरगळ आणि वंशावळ
बेळगाव परिसरातील सैनिक-घराण्यांचे स्मरण

बेळगाव परिसरातील पुष्कळ देवालयांच्या आवारात जुने वीरगळ आढळतात. तळच्या चौकटीत लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्यास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. चंद्र-सूर्य असेपर्यंत या पुरुषाची आठवण राहो, हा त्या चिन्हांचा आशय. रणात पडलेल्याची स्मृती देवाच्या दारी ठेवण्याची ही रीत फार जुनी आहे. विसाव्या शतकातील दोन महायुद्धांत गेलेल्या शिपायांच्या वाट्याला मात्र आपल्या गावी अशी शिळा क्वचितच आली. त्यांचे स्मरण घराण्यांवर येऊन पडले.

अनगोळ हे पूर्वी बेळगावच्या दक्षिणेचे स्वतंत्र शेतकरी गाव. आज ते शहरात सामावले आहे. शहराच्या छावणीशी या साऱ्या पंचक्रोशीचा जुना संबंध. १९२२ साली मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री घडविण्यात आली आणि तिची शिक्षण-पलटण बेळगावास आली. तेव्हापासून बेळगाव हे मराठा शिपायाचे दुसरे माहेरच झाले. बापाच्या मागे मुलाने आणि मुलाच्या मागे नातवाने त्याच रेजिमेंटमध्ये नाव घालावे, असा परिपाठ अनेक घरांत पडला.

या परंपरेतील पहिला मोठा घाव मेसोपोटेमियात बसला. जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी कूत-अल-अमारा येथे या फौजेस तुर्कांचा वेढा पडला. धान्य संपत आले, रोगराई वाढली. धर्म व रूढीमुळे बहुसंख्य हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खाण्यास दीर्घकाळ नकार दिला. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. पुढे वाळवंटातील पायपिटीत आणि बंदिवासात हजारो कैदी मरण पावले.

त्या आघाडीवर पडलेल्यांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. परंतु हिंदी अधिकाऱ्यांची नावे शिळेवर कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांची मात्र केवळ संख्या. नावे राहिली ती नोंदवह्यांत. हा भेदभाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या अहवालात मान्य केला. ज्याचा देह परत आला नाही, त्याचे नावही शिळेवर आले नाही. १९९७ मध्ये ते स्मारक मूळ जागेवरून उचलून दूर वाळवंटात नेण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धात पुढची पिढी बाहेर पडली. १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर तिसरी पलटण लढली. २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले तेव्हा दुसरी पलटण शत्रूच्या हाती सापडली. कूतच्या बंदिवासानंतर अवघ्या सव्वीस वर्षांनी मराठा घरांत पुन्हा कैद्यांच्या पत्रांची वाट पाहिली जाऊ लागली. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनी आपल्या तुकडीतील सहकारी पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली, ते जिंकले आणि तेथेच प्राण ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कोठेच नाही. नाव कासिनो येथील स्मारकावर आहे. रायगड जिल्ह्यात माणगावी त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने येथेही स्मारक झाले.

एवढी दखल फार थोड्यांना लाभते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात पडलेल्या आपल्या ४६ जणांची आठवण स्मारकरूपाने जतन केली, आणि ‘मिलिटरी’ हा शब्द गावाच्या नावालाच जोडला गेला. जेथे गावाने असे केले नाही, तेथे तरुण विधवा, तिचे पेन्शन आणि पेटीतील पदक एवढेच मागे उरले. विधवा गेली, पेन्शन थांबले, आणि पदकाचा अर्थ सांगणारे कोणी राहिले नाही.

येथे महाजन-घराण्यांच्या वंशावळींचा प्रश्न येतो. वंशावळ वारसाच्या अंगाने पुढे सरकते. अविवाहित किंवा निःसंतान गेलेल्या मुलाची शाखा तेथेच खुंटते आणि दोन-तीन नकलांनंतर त्याचे नाव गळते. रणात पडलेले बहुतेक शिपाई याच वयाचे होते. म्हणजे ज्याच्या नावाला शिळा मिळाली नाही, त्याला घरच्या कागदातही जागा उरत नाही.

हे टाळणे अजून हाती आहे. जुन्या युद्धपदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते; चांदीच्या भावाने मोडीत घालण्यापूर्वी ती कड वाचावी. युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत अनेक ठिकाणी बापाचे नाव व गावही दिलेले आहे. इंग्रजी स्पेलिंगमुळे नावे ओळखू येत नाहीत, म्हणून गावावरून शोध घेणे सोयीचे पडते. घरातील वृद्ध स्त्रियांना माहेरच्या व सासरच्या गेलेल्यांची नावे विचारून लिहून घ्यावीत.

आणि अशी नावे मिळाल्यावर ती वंशावळीत पुन्हा लिहावीत. शाखा खुंटली असली तरी तेथे नाव, पलटण, स्थळ आणि साल असावे. कुलदेवतेच्या उत्सवात पूर्वजांचे स्मरण होते, त्यात त्यांचाही उच्चार व्हावा. वीरगळाच्या माथ्यावरील चंद्र-सूर्यांनी जे वचन दिले, ते पाळण्याचे काम आता घराण्यांचे आहे.