दिनविशेष : १४ फेब्रुवारी – त्लातेलोल्कोचा करार

१९६७ : मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्को भागात लॅटिन अमेरिकी देशांनी अण्वस्त्रबंदी करारावर सह्या करायला सुरुवात केली. माणसांची वस्ती असलेला एवढा मोठा प्रदेश अण्वस्त्रमुक्त ठरवणारा हा पहिलाच करार. १९५९ मध्ये अंटार्क्टिकासाठी तशी बंदी झाली होती. पण तिथे पेंग्विनांखेरीज विचारायचे कोणाला?

१९६२ च्या ऑक्टोबरात क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग युद्धाच्या तोंडाशी आले. दोन महासत्तांच्या भांडणात आपलाच बळी जाईल, हे शेजाऱ्यांना तेव्हा कळून चुकले. खुद्द क्युबाने मात्र करार मान्य केला तो २००२ मध्ये, सगळ्यांत शेवटी. मेक्सिकोचे मुत्सद्दी अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांनी वाटाघाटी नेटाने तडीस नेल्या; १९८२ चे शांततेचे नोबेल त्यांना स्वीडनच्या आल्वा म्युर्डाल यांच्यासोबत मिळाले.

खरी मेख होती ब्राझील आणि अर्जेंटिनाची. दोघांचेही अणुकार्यक्रम जोरात, आणि एकमेकांवर विश्वास नाही. १९९४ मध्ये दोघेही करारात पूर्णपणे सामील झाले. त्याआधी, १९९१ मध्ये, त्यांनी संयुक्त तपासणी संस्था काढली होती. तिच्यामार्फत आजही ब्राझीलचे निरीक्षक अर्जेंटिनाच्या अणुप्रकल्पांत जाऊन युरेनियमचा हिशेब तपासतात आणि अर्जेंटिनाचे ब्राझीलच्या.