चालतंबोलतं वर्तमानपत्र

सेन्सॉरशिप म्हटलं की डोळ्यांसमोर कात्री येते, नाहीतर आणीबाणीतला तो कोरा अग्रलेख. प्रत्यक्षात बऱ्याचदा नुसतं एक सरकारी पत्र येतं. भाषा अगदी सभ्य. छापण्यापूर्वी आम्हाला विचारत चला. बास, एवढंच!

असंच एक पत्र ऑक्टोबर १९४० मध्ये पुण्यात 'हरिजन' साप्ताहिकाच्या संपादकांना मिळालं. आणि ज्या घटनेमुळे ते आलं, ती घडली होती आमच्या वर्धा जिल्ह्यात, धाम नदीकाठच्या पवनारला. शाळेत 'वैयक्तिक सत्याग्रह, पहिले सत्याग्रही विनोबा भावे' हे एका मार्काच्या रिकाम्या जागेसाठी आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. पण तो सत्याग्रह नेमका कशासाठी होता, हे कुणी विचारलं तर दांडी गुल! मिठासाठी नाही, कापडासाठी नाही. तो बोलण्याच्या हक्कासाठी होता.

थोडी पार्श्वभूमी. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या कुणालाही न विचारता हिंदुस्थानला महायुद्धात सामील करून टाकलं. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. वर्षभराने, सप्टेंबर १९४० मध्ये, गांधीजी सिमल्याला व्हाइसरॉयना भेटले. मागणी एकच, युद्धाच्या विरोधात अहिंसक मार्गाने बोलू द्या. उत्तराचा मथितार्थ असा की, तुम्हाला लढायचं नसेल तर लढू नका, तसं मतही बाळगा, पण दुसऱ्यांना त्यासाठी प्रवृत्त करू नका. आपल्या भाषेत सांगायचं तर रीड परमिशन आहे, राइट नाही!

मग ठरलं की गर्दी जमवायची नाही. एकेका माणसाने उभं राहायचं, युद्धाला माणूस किंवा पैसा देऊ नका असं जाहीर सांगायचं, आणि अटक होईल तेव्हा जायचं. सत्याग्रहींनी कुठे आणि केव्हा बोलणार हे जिल्हाधिकाऱ्याला आधीच कळवायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१७ ऑक्टोबरला विनोबा पवनारला बोलले. नंतर आसपासच्या गावांतून बोलत गेले आणि २१ तारखेला देवळीला त्यांना अटक झाली. तीन महिन्यांची शिक्षा. हे तर अपेक्षितच होतं. खरी गंमत दुसरीकडे झाली.

'हरिजन' साप्ताहिक. गांधीजी मजकूर लिहायचे सेवाग्रामात आणि अंक निघायचा पुण्याहून. मधली सगळी भिस्त टपालावर आणि तारेवर. (या गावाचं मूळ नाव शेगाव. बुलढाण्याच्या शेगावशी पत्त्याचा गोंधळ व्हायचा आणि पत्रं भलतीकडेच जायची, म्हणून १९४० सालीच त्याचं सेवाग्राम झालं. नेमस्पेस कॉन्फ्लिक्ट, दुसरं काय!) भाषणानंतर लगेचच पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून सूचना आली. विनोबांचा सत्याग्रह, त्याआधीच्या घडामोडी, त्यांची भाषणं, पुढे जे काही होईल ते, यातलं काहीही दिल्लीतल्या मुख्य प्रेस सल्लागारांना विचारल्याशिवाय छापू नये. मोडलंत तर भारत संरक्षण नियमांखाली खटला.

आता या पत्राचं डिझाइन बघा. बोलणाऱ्याचं तोंड धरायला त्यात एक शब्दही नाही. धरलंय ते वाहून नेणाऱ्याला. विनोबांना तुरुंगाची भीती नव्हती, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. पण छापखाना चालवणाऱ्याला भीती असते. त्याचं यंत्र असतं, कामगार असतात, जप्त होण्यासारखं काहीतरी असतं. आणि एकदा 'विचारून छापा' म्हटलं की पुढचं काम तो स्वतःच करतो. शंका आली की गाळतो. सरकारची कात्री झिजतसुद्धा नाही.

गांधीजींनी यावर जे केलं ते मला आजही चकित करतं. त्यांनी अर्धामुर्धा अंक काढला नाही, की दिल्लीशी पत्रव्यवहार करत बसले नाहीत. सत्याग्रहाबद्दलची ओळन् ओळ दिल्लीला पाठवावी लागणार असेल तर आपल्याला मोकळेपणाने काम करता येणार नाही, असं म्हणून त्यांनी इंग्रजी, हिंदी आणि गुजराती अशी तिन्ही साप्ताहिकं बंद केली. आणि लोकांना सांगितलं की आता प्रत्येकाने स्वतःच चालतंबोलतं वर्तमानपत्र व्हावं, बातमी तोंडी पोचवावी. म्हणजे सर्व्हर बंद, पीअर टू पीअर चालू! मे १९४१ पर्यंत सुमारे २५ हजार लोकांना शिक्षा झाली होती. 'हरिजन' परत निघालं ते थेट जानेवारी १९४२ मध्ये.

बाकीच्या वर्तमानपत्रांचं काय झालं? ऑक्टोबरच्या अखेरीला सरकारने सगळ्यांसाठीच कडक आदेश काढला. संपादक दिल्लीला जमले, अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषद स्थापन झाली, आदेश मागे घेतला गेला. जिंकले म्हणायचे! पण बदल्यात आली सल्लागार समित्यांची पद्धत, ज्यात संपादकांनी आपणहून सांभाळून घ्यायचं. कुणी म्हणेल, तेव्हा युद्ध चालू होतं आणि दिवसही वेगळे होते. बरोबर आहे. पण 'वाहून नेणाऱ्याला धरा' ही युक्ती युद्धाबरोबर संपली नाही.

नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. आयटी कायद्याचं कलम ६६अ तेव्हा घराघरात पोचलं आणि २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच निकालातला दुसरा भाग मात्र कुणी फारसा सांगत नाही. २०११ च्या नियमांनुसार कुणीही तक्रार केली की मजकूर साठवणाऱ्या कंपनीला ३६ तासांत हालचाल करावी लागे. चूक की बरोबर हे ठरवायचं कंपनीने, आणि साहजिकच कंपनी म्हणणार, काढून टाका, कटकट नको. न्यायालयाने म्हटलं की काढायला लावायचं असेल तर न्यायालयाचा किंवा सरकारचा रीतसर आदेश हवा.

पुढे २०२३ मध्ये नियम आला की केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा आहे की नाही हे सरकारचाच तपासणी विभाग सांगेल, आणि तरीही तो ठेवला तर कंपनीचं कायदेशीर संरक्षण जाईल. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं विभागली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर तो नियम घटनाबाह्य ठरला. १९४० चंच डिझाइन, फक्त छापखान्याच्या जागी सर्व्हर.

आणि तारेचं काय? तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण १८८५ चा टेलिग्राफ कायदा जिवंतच होता, आणि २०१७ पासून त्याच्याच आधारे केलेल्या नियमांनी इंटरनेट बंद केलं जायचं. आता त्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे, पण इंटरनेट बंद करायचा अधिकार त्यातही आहेच.

एक मात्र कबूल करायला हवं. चालत्याबोलत्या वर्तमानपत्राला संपादक नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठेचून मारलं. भिक्षा मागून जगणारी भटक्या जमातीतली माणसं होती ती. व्हॉट्सअ‍ॅपवरून अशा अफवा तेव्हा ठिकठिकाणी फिरत होत्या. 'काहीही अडवू नका' असं राईनपाड्यानंतर मला तरी सरळ तोंडाने म्हणता येत नाही.

मग पवनारच्या भाषणात आणि त्या अफवेत फरक काय? दोन्ही तोंडोतोंडीच पसरले. फरक नावाचा आहे. विनोबांनी जे म्हटलं ते स्वतःच्या नावाने, भर सभेत, शिक्षा होणार हे माहीत असताना म्हटलं. अफवेला बाप नसतो. आणि गंमत म्हणजे वेबसाइट ब्लॉक करण्याच्या आदेशालाही आपल्यापुरता बाप नसतो. २००९ च्या नियमांत त्याबद्दल गुप्तता पाळण्याची तरतूद आहे. आपण महिन्याला पैसे भरतो, पान उघडत नाही, आणि कुणी, का, किती दिवस अडवलं याचा पत्ता नाही. बिघडलेला मिक्सर विकला तर ग्राहक म्हणून दाद मागता येते, पण इथे दाद कुणाकडे मागायची तेच कळत नाही. इंटरनेट बंदीचे आदेश तरी प्रसिद्ध करा, असं सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२० मध्ये सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

माझी मागणी साधी आहे. बोलणाऱ्याने नाव लावावं. आणि गप्प करणाऱ्यानेही लावावं. देवळीला अटक झाली तेव्हा निदान दोन्ही बाजूंना एकमेकांचे चेहरे दिसत होते.