कराराच्या कोशापासून वेदीवरील भाकरीपर्यंत

नाशिकरोडच्या बाळ येशू देवालयात किंवा कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये पवित्र भाकर ठेवण्याची एक बंद पेटी असते आणि तिच्याजवळ दिवा तेवत असतो. या पेटीला ‘टॅबर्नॅकल’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तंबू. सोन्यामोत्यांनी मढवलेल्या पेटीला तंबू का म्हणावे, याचे उत्तर बायबलच्या ‘निर्गम’ या ग्रंथात सापडते.

इजिप्तच्या दास्यातून सुटलेले इस्रायली लोक अरण्यातून वाटचाल करीत असता मोशेने देवाच्या आज्ञेवरून एक फिरते पवित्रस्थान उभारले, असे हा ग्रंथ सांगतो. मराठी बायबलमध्ये त्याला ‘निवासमंडप’ म्हटले आहे. अंगणात होमवेदी आणि हातपाय धुण्यासाठी पितळेचे गंगाळ. आत पवित्रस्थानात सात दिव्यांचा सोन्याचा दीपवृक्ष, धूपवेदी आणि बारा भाकरींचे मेज. त्यापलीकडे, पडद्याआड, परमपवित्रस्थान, अशी त्याची रचना होती. गंगाळ, दीपवृक्ष हे शब्द मराठी वाचकाला परके वाटत नाहीत. भाषांतरकारांनी ते इथल्याच घरांतून आणि देवळांतून उचलले आहेत.

परमपवित्रस्थानात कराराचा कोश असे. बाभळीच्या लाकडाची, सोन्याने मढवलेली ही पेटी अडीच हात लांब आणि दीड-दीड हात रुंद व उंच होती. तिच्यात दहा आज्ञांच्या दोन दगडी पाट्या होत्या. वरचे सोन्याचे झाकण म्हणजे ‘दयासन’. वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, मुख्य याजक आत जाऊन त्यावर बलीचे रक्त शिंपडत असे. इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्यानंतर कोशाचा ठावठिकाणा लागलेला नाही.

ख्रिस्ती धर्माने या वस्तू जपल्या नाहीत. त्यांचा अर्थ जपला. ‘नव्या करारा’च्या लेखकांनी त्यांच्याकडे येणाऱ्या गोष्टींची छाया म्हणून पाहिले. ‘इब्री लोकांस पत्र’ या ग्रंथात हा विचार सर्वांत सविस्तर मांडला आहे. त्यानुसार येशू हाच मुख्य याजक आणि तोच बली असून, त्याचे अर्पण एकदाच व कायमचे झाले आहे. म्हणूनच ख्रिस्ती उपासनेत पशुबळी नाही. पौलाने दयासनासाठी योजला जाणारा ग्रीक शब्द येशूच्या मृत्यूसाठी वापरला. योहानाच्या शुभवर्तमानात शब्द देही झाला आणि आपल्यात राहिला, असे सांगताना मूळ ग्रीकमध्ये ‘तंबू ठोकला’ अशा अर्थाचे क्रियापद आहे. दीपवृक्षाचा संबंध जगाच्या प्रकाशाशी, तर मेजावरील भाकरींचा जीवनाच्या भाकरीशी जोडला गेला.

पडद्याचा अर्थ सर्वांत बोलका आहे. येशूने प्राण सोडला तेव्हा मंदिरातील पडदा फाटला, असे मत्तय, मार्क आणि लूक हे तिघेही नोंदवतात. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर वधूवरांची दृष्टादृष्ट होते, हे जाणणाऱ्या मराठी मनाला या प्रतिमेचा आशय चटकन कळावा. देव आणि मनुष्य यांच्यामधला आडपडदा सरला, असा तिचा ख्रिस्ती अर्थ आहे.

मात्र सर्व ख्रिस्ती पंथांचे वाचन एकसारखे नाही. कॅथलिक परंपरा मरियेला ‘कराराचा कोश’ म्हणते. कोशात देवाचे वचन होते, तिच्या उदरात देहधारी वचन वाढले, हा त्यामागचा विचार. प्रोटेस्टंट परंपरेत मरियेला ही उपाधी देण्याची प्रथा सहसा नाही. तेथे वाचनाचा भर येशूच्या एकमेव अर्पणावर असतो. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेले शरणपूर आणि कॅथलिकांचे बाळ येशू देवालय एकाच नाशकात असल्याने या दोन्ही परंपरा येथे शेजारी नांदतात.

वस्तू पवित्र असली तरी ती देव नव्हे, हा इशाराही बायबलच देते. मोशेने अरण्यात उभारलेल्या पितळी सापाला लोक धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. त्याच सापाचा दाखला योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या क्रुसासाठी आला आहे. वस्तू मोडली, खूण मात्र उरली.

या अर्थबोधात एक धोकाही होता. ‘छाया संपली, आता मूळ वस्तू आली’ असे म्हणता म्हणता ज्यू धर्मच कालबाह्य ठरवला गेला आणि युरोपात त्याची फळे ज्यूंना भोगावी लागली. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिरही पाडले. लुटून नेलेला दीपवृक्ष आजही रोममधील टायटसच्या कमानीवर कोरलेला दिसतो. पण ज्यूंची उपासना थांबली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रातून ज्यूंना देवाने टाकलेले मानू नये, असे स्पष्ट केले.

महाराष्ट्राला हे समजण्यासाठी दूर जावे लागत नाही. कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजाच्या प्रार्थनामंदिरांत तोराच्या गुंडाळ्या ठेवलेले पवित्र कपाट असते आणि त्यासमोर दिवा तेवत असतो. चर्चमधील दिवा आणि हा दिवा यांचे अर्थ वेगळे. पण दोन्हींची वात त्या जुन्या निवासमंडपापर्यंत पोहोचते. एकाचा अर्थ सांगताना दुसरा विझवण्याचे कारण नाही.